गणिताची जोडतासिका: 24 मीटर जाळी आणि 70 मिनिटे

सातवीच्या वर्गाला शनिवारी सकाळच्या शाळेत गणिताच्या दोन तासिका सलग मिळतात, पट 42 आहे, पहिल्या तासिकेत घटक शिकवून होतो आणि दुसरीत सरावसंचातली उदाहरणे सोडवून घेताना निम्मा वर्ग कंटाळून जातो. तेव्हा अशा 70 मिनिटांच्या पाठाचे टाचण कसे करावे, असे आपण विचारले आहे. उच्च प्राथमिक वर्गांना गणित शिकवण्यात माझी 28 वर्षे गेली आणि त्यांतली पहिली दहा तरी मी जोडतासिका आपण घेता तशाच घेतल्या, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

ही अडचण मुलांच्या चिकाटीची नाही, पाठाच्या बांधणीची आहे. पस्तीस मिनिटांचे दोन पाठ एकापुढे एक ठेवले की ते दोन पाठच राहतात, आणि दुसरा पाठ केवळ सरावाचा असेल, तर ज्यांना पहिल्यात समजले त्यांना तो नकोसा होतो व ज्यांना समजले नाही त्यांना तो जमत नाही. छोट्या तासिकेत शिक्षकाने सांगायचे आणि मुलांनी तसे करून पाहायचे, एवढेच बसते. जोडतासिकेत जो जास्तीचा वेळ हाती येतो, तो अधिक समजावून सांगण्यात घालवू नये. मुलाने चुकीच्या वाटेने पुरेसे लांब जावे, त्याला स्वतःलाच ते खटकावे आणि परत फिरायलाही त्याला अवधी मिळावा, यासाठी तो वेळ आहे असे मी मानतो. म्हणून माझ्या टाचणात दोनच गोष्टींना मोठी जागा असते: एक प्रश्न, आणि त्या प्रश्नाला मुलांकडून येऊ शकणारी उत्तरे. डी.एड.ला आपण सर्वांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी रूढ केलेल्या, पाठ शिकवण्याच्या पाच पायऱ्या पाठ केल्या आणि सराव पाठांची टाचणे त्याच साच्यात लिहिली. त्या पायऱ्यांवर माझा राग नाही. परंतु त्या टाचणात मुलाच्या चुकीच्या उत्तराला रकाना नसे, ही उणीव लांब पाठात फार जाणवते.

प्रश्नाची निवड हे निम्मे काम आहे. वर्गातल्या सर्वांत मागे पडलेल्या मुलालाही एका मिनिटात सुरुवात करता यावी, पहिले सुचलेले उत्तर बहुधा अपुरे निघावे, आणि पूर्वार्धात वर्गाने जो निष्कर्ष काढला त्याला उत्तरार्धात धक्का बसावा, अशा तीन कसोट्या मी लावतो. तिसरी कसोटी विशेषतः जोडतासिकेची आहे. धक्का बसणार नसेल तर मधल्या पाणी पिण्याच्या सुट्टीनंतर वर्गाला पुन्हा गणिताकडे वळण्याचे काही कारण उरत नाही. मोघम बोलण्यापेक्षा मी अनेकदा घेतलेला एक पाठच मांडतो. घटक परिमिती आणि क्षेत्रफळ.

शाळेच्या परसबागेभोवती कुंपण घालायचे आहे. जाळी 24 मीटर आहे. बाग आयताकृती हवी आणि आत भाजी लावायला जास्तीत जास्त जागा मिळायला हवी, तर लांबी-रुंदी किती ठेवावी? पूर्वार्धाचा प्रश्न एवढाच. उत्तरार्धात याच प्रश्नात एक वाक्य बदलते: बागेची एक बाजू शाळेच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे त्या बाजूला जाळी लागत नाही. हे दुसरे वाक्य पूर्वार्ध संपेपर्यंत मुलांच्या कानावर पडता कामा नये.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगतो: चौकटीची वही, दोघांत एक 24 सेंटिमीटरचा दोरा, एक कात्री आणि चार-पाच हातआरसे. आरसे कपाटात ठेवावेत, कारण ते दिसले की मुलांचे लक्ष त्यांच्यावरून हटत नाही.

आता अपेक्षित उत्तरांकडे येतो. पाठाच्या आदल्या दिवशी मी स्वतः तो प्रश्न मुलाच्या हाताने सोडवतो, म्हणजे त्याला काय येते आणि काय येत नाही हे धरून सोडवतो. बाजू पूर्ण मीटरमध्ये घेतल्या तर 1 आणि 11 पासून 6 आणि 6 पर्यंत सहा आयत होतात आणि त्यांची क्षेत्रफळे 11, 20, 27, 32, 35 व 36 चौरस मीटर येतात. हे झाले बरोबर उत्तर. पण सातवीच्या वर्गात याखेरीज निदान पाच उत्तरे येतात, आणि त्यांतील प्रत्येकामागे मुलाचा काहीतरी विचार असतो. पहिले मूल म्हणते, जाळी सगळीकडे तेवढीच आहे, मग जागाही तेवढीच मिळणार. परिमिती ठरली की क्षेत्रफळ ठरले, ही समजूत इतकी घट्ट असते की मोठ्या माणसांतही ती आढळते. दुसरे मूल 6 आणि 4 असे उत्तर देते, कारण सहा चोक चोवीस. त्याने 24 हा आकडा क्षेत्रफळ म्हणून वापरला. तिसरे 12 आणि 12 घेऊन 144 काढते. लांबी आणि रुंदी मिळून 24 असे त्याने धरले, समोरासमोरच्या बाजू विसरल्या. चौथे मूल चौकटीच्या वहीत कडेकडेने 24 चौकटी रंगवते, त्यातून 7 बाय 7 ची आकृती तयार होते आणि ते मोठ्या विश्वासाने 49 सांगते. पाचव्याला 6 आणि 6 सापडलेले असते, परंतु ते खोडून 5 आणि 7 लिहितो, कारण ‘सर, आयत पाहिजे, हा तर चौरस आहे’.

या पाचांपैकी 49 हे उत्तर माझ्या विशेष आवडीचे आहे, कारण ते नुसते ‘चूक’ म्हणून सोडून देता येत नाही. जाळीला दर मीटरवर एक खांब लावला, तर 6 बाय 6 च्या बागेला बरोबर 24 खांब लागतात आणि एका बाजूवर दोन्ही कोपरे धरून 7 खांब येतात. त्या मुलाने चौकटी मोजल्या म्हणजे खांब मोजले. मोजायची होती ती दोन खांबांमधली अंतरे. हे त्याला खांबांचे चित्र काढून दाखवले की पट्टीवर शून्यापासून का मोजायचे हा दुसरीपासून राहून गेलेला गोंधळही कधी कधी त्याच वेळी सुटतो. चौरसाला आयत न मानणाऱ्या मुलाशी मात्र वाद घालू नये. त्याला आयताचे गुणधर्म फळ्यावर लिहायला सांगावेत आणि चौरसात त्यांतला कोणता नाही ते शोधायला सांगावे. आणखी एक अडचण आपल्या भाषेची आहे. आकृतीलाही चौरस म्हणतात आणि एककातही चौरस मीटर येतो, त्यामुळे ‘क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आहे म्हणजे बाग चौरस हवी’ असे म्हणणारे एखादे मूल दर दोन-तीन वर्षांनी भेटतेच. पुस्तकातला ‘चौमी’ हा संक्षेप अशा वेळी उपयोगी पडतो.

टाचणात ही उत्तरे एका रकान्यात आणि त्यांच्यासमोर मी विचारायचा एकच प्रश्न दुसऱ्या रकान्यात असतो. 6 आणि 4 म्हणणाऱ्याला ‘या बागेभोवती चालून ये आणि किती मीटर चाललास ते सांग’, एवढेच. 144 म्हणणाऱ्यालाही तेच. दोरा हातात दिला की तो दोन बाजूंतच संपतो. उत्तर बरोबर की चूक हे मी सांगत नाही. प्रश्न विचारल्यावर आपण थांबतही नाही, हा दोष आपल्या व्यवसायात सार्वत्रिक आहे: मेरी बड रोव या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात असे आढळले, आणि तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरे लांब व सकारण होऊ लागली. मी मनात पाचपर्यंत अंक मोजतो. सुरुवातीला ते पाच अंक फार जड जातात.

वेळेची विभागणी साधारण अशी असते. प्रश्न सांगून तो मुलांच्या शब्दांत परत ऐकायला पाच मिनिटे, एकेकट्याने काम करायला दहा, शेजाऱ्याबरोबर आठ, आणि फळ्यावरील चर्चेला पंधरा. एकट्याने करायची दहा मिनिटे कोणत्याही कारणाने कमी करू नयेत. आधीच गट केले की हुशार मूल बोलते आणि बाकीचे त्याचे उतरवून घेतात. या अठरा मिनिटांत मी वर्गात फिरतो, कुणी काय केले आहे त्याची एका कागदावर नोंद करतो आणि फळ्यावर कुणाला कोणत्या क्रमाने बोलवायचे ते ठरवतो. जपानमधील शिक्षकांची या बाबतीतली शिस्त शिकण्यासारखी आहे. ते मुलांच्या वेगवेगळ्या रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडून त्यांवर जी चर्चा घडवतात, तिला ‘नेरिआगे’ म्हणतात, म्हणजे कणीक तिंबावी तसे विचार मळून घेणे. आणि फळ्याचे नियोजन हा तिथे पाठाच्या तयारीचा स्वतंत्र भाग असतो, त्याचे नाव ‘बानशो’. पाठ संपेपर्यंत फळा पुसायचा नाही, हे पथ्य मी त्यांच्याकडूनच उचलले.

म्हणून टाचणवहीच्या डाव्या पानावर मी फळ्याचे चित्र काढतो. डाव्या एकतृतीयांश भागात पूर्वार्ध, मधल्यात उत्तरार्ध, उजव्या भागात कारणे, आणि अगदी उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट, जिच्यात या प्रश्नाचे नसलेले पण जपून ठेवायचे असे आकडे येतात. 144 हा आकडा तिथे जातो. ज्याने तो काढला त्याला मी सांगतो की हे उत्तर आपल्या प्रश्नाचे नाही, पण पुसू नकोस, लागेल.

पूर्वार्धातील चर्चेचा क्रम चुकवू नये. सर्वांत आधी 36 वाल्याला बोलावले तर चर्चा तिथेच संपते. मी 1 आणि 11 वाल्यापासून सुरू करतो, कारण ती लांबट पट्टी फळ्यावर पाहताच ‘एवढ्याच जाळीत एवढीच जागा?’ असे कुणीतरी म्हणते आणि पहिल्या मुलाची समजूत वर्गच मोडून काढतो. तक्ता पूर्ण झाल्यावर 36 सर्वांत मोठे हे सगळ्यांना दिसते. पण तक्त्यात दिसणे म्हणजे कारण कळणे नव्हे, आणि याच ठिकाणी कात्री लागते. चौकटीच्या कागदातून 6 बाय 6 चा चौरस कापावा, त्याची एका कडेची 1 रुंदीची व 6 लांबीची पट्टी कापून ती वरच्या बाजूला लावू पाहावी. वरची बाजू आता 5 चीच उरली आहे. पट्टीतील 5 चौकटी बसतात आणि 1 बाहेर राहते. म्हणून 5 बाय 7 चे क्षेत्रफळ 36 वजा 1. दोन रुंदीची पट्टी कापली तर 4 चौकटी उरतात, तीन रुंदीची कापली तर 9. वाया जाणाऱ्या चौकटींचा नेहमी चौरसच बनतो हे एखाद्या मुलाला दिसले की वर्गात जी कुजबुज होते, ती मी मुद्दाम थांबवत नाही. बैजिक सूत्रांच्या प्रकरणात दोन पदांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी येते, तेव्हा हा कागद पुन्हा काढता येतो. एखादे चलाख मूल 5.5 आणि 6.5 घेऊन पाहते. तिथेही पाव चौरस मीटर कमी पडून 35.75 येते, आणि कात्रीचे कारण तिथेही तसेच लागू पडते.

इथे अडतीस-चाळीस मिनिटे झालेली असतात. मुलांना उठू द्यावे, पाणी पिऊ द्यावे. परतल्यावर भिंतीचे वाक्य सांगावे आणि काम करण्यापूर्वी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावावा. बहुतेक वर्ग 8 बाय 8 लिहितो: जाळी तीन बाजूंना, आणि चौरस सर्वांत मोठा हे तर आत्ताच सिद्ध झाले. मग तक्ता करताना भिंतीपासून बाहेर येणारी बाजू 8 घेतल्यावर 64 येतात, 7 घेतल्यावर 10 लांबी मिळून 70, आणि 6 घेतल्यावर 12 लांबी मिळून 72. पुढे 5 घेतले की पुन्हा 70. स्वतःच्या हाताने काढलेल्या या आकड्यांवर मुले प्रथम विश्वासच ठेवत नाहीत, ‘सर, माझं कुठेतरी चुकलंय’ म्हणत वही घेऊन येतात. या क्षणासाठीच जोडतासिका हवी असते, आणि नेमक्या याच क्षणी शिक्षकाला बोलण्याचा मोह होतो. एकदा वर्गभेटीला आलेले अधिकारी मागच्या बाकावर बसले होते. पाठ रखडतो आहे असे त्यांना वाटू नये म्हणून मी फळ्यावर स्वतःच कारण लिहून मोकळा झालो. शेरा उत्तम मिळाला. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न आकडे बदलून घातला तेव्हा वर्गातील बहुतेकांनी पुन्हा चौरसच काढला होता.

कारण द्यायचे ते आरशाने. कागदावर 6 बाय 12 ची बाग काढून भिंतीच्या रेषेवर आरसा उभा धरला, की बाग आणि तिचे प्रतिबिंब मिळून एक पूर्ण आयत दिसतो. त्याभोवती जाळी आहे 48 मीटर, मधे भिंत नाहीच. आता प्रश्न पूर्वार्धाचाच झाला: 48 मीटर जाळीत सर्वांत मोठा आयत कोणता? 12 बाय 12 चा चौरस, क्षेत्रफळ 144, त्याचा अर्धा भाग आपला, म्हणजे 72. चौरसाचा नियम मोडला नव्हता. चौरस अर्धा भिंतीच्या आत होता. हे वाक्य मुलांनी म्हणायचे आहे, आपण नव्हे. त्यासाठी आरसे गटागटांत फिरू द्यावेत आणि फक्त ‘आरशासकट बागेचा आकार कोणता दिसतो?’ एवढेच विचारावे. 8 बाय 8 ची बाग आरशासमोर ठेवली की 16 बाय 8 चा आयत दिसतो, आणि तो चौरस नाही हे पाहताच बरीच मुले पुढचे स्वतः बोलतात.

वेळ अपुरा पडला तर काय सोडायचे हे टाचणात आधीच लिहिलेले असावे, कारण ऐनवेळी आपण नेहमी चुकीचे ते सोडतो. मी दशांशाच्या बाजू सोडतो, तक्त्यातील शेवटच्या ओळी सोडतो. आरसा सोडत नाही. उलट जी मुले लवकर संपवतात त्यांना पुढचा घटक देऊ नये. जाळी तीच ठेवून बाग लहानात लहान करायची तर किती लहान करता येईल, असे त्यांना विचारावे. अर्धा मीटर रुंदी घेतली की 5.75, त्याहून अरुंद घेतली की आणखी कमी, आणि शेवटची अशी बाग सापडतच नाही. हा प्रश्न हुशार मुलाला शांतपणे वीस मिनिटे गुंतवून ठेवतो. मागे पडणाऱ्यांसाठी मी प्रश्न सोपा करत नाही, साहित्य वाढवतो: दोरा, चौकटी, आणि बाजूंच्या पहिल्या दोन जोड्या भरलेला तक्ता.

शेवटची पाच मिनिटे लिहिण्याची. वहीत अंदाजाशेजारी खरे उत्तर आणि अंदाज का चुकला याचे एक वाक्य, स्वतःच्या शब्दांत. अशा 42 वह्या मी शनिवारी दुपारी घरी नेतो. एवढी तयारी आणि तपासणी दर आठवड्याला कशी जमावी, असा प्रश्न आपल्याला पडेल. प्रत्येक आठवड्याला जमत नाही. मी महिन्यात एकच जोडतासिका अशी घेत असे, बाकीच्या साध्या. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे जे आठवड्याला 45 तास सांगितले आहेत, ते तयारीचे तास धरून आहेत, हे मात्र मुख्याध्यापकांशी वेळापत्रकाविषयी बोलताना लक्षात असू द्यावे.

मुले शेतकरी कुटुंबांतली असतील तर घरी विचारून यायला एक गोष्ट जरूर सांगावी: गुंठा म्हणजे किती? 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट, असे उत्तर बहुतेक घरांतून येते. तेवढाच गुंठा अरुंद पट्टीत असेल तर बांध किती लांब होईल, हा आपल्या प्रश्नाचा उलटा प्रश्न पुढच्या साध्या तासिकेला पुरतो.

गृहपाठ मात्र एकच द्यावा. बाग आता कंपाउंडच्या कोपऱ्यात आहे, दोन बाजूंना भिंती आहेत, जाळी 24 मीटरच आहे. मुले सोमवारी येतात तेव्हा काहींनी तक्ता केलेला असतो, काहींनी घरातले दोन आरसे काटकोनात उभे केलेले असतात, आणि उत्तर येते 12 बाय 12, क्षेत्रफळ 144. मोकळ्या जागेत 36, एका भिंतीला 72, कोपऱ्यात 144 अशी दुप्पट होत जाणारी ओळ फळ्यावर लिहून होताच वर्गाची नजर उजव्या कोपऱ्यातील चौकटीकडे जाते, जिथे तो आकडा शनिवारपासून आहे. ज्या मुलाने तो काढला होता त्याला मी पुढे बोलावतो आणि शनिवारी त्याने नकळत कोणता प्रश्न सोडवला होता ते वर्गाला सांगायला लावतो. त्यासाठी शनिवारी शाळा सुटताना फळा पुसणाऱ्या मुलांना तेवढी चौकट राहू द्यायला सांगायचे असते. टाचणाच्या शेवटच्या ओळीत मी ते लाल शाईने लिहून ठेवतो.